एका मागावर दोन ताणे

सोमवार उजाडला की शकूआत्या मुकी व्हायची. सकाळी सातच्या ठोक्याला ऋजुता डब्याचं बटण दाबायची आणि आत्याच्या तोंडातलं वाक्य अर्ध्यावर विझायचं. उजवा हात तर शनिवारपासूनच मांडीवर ओल्या फडक्यासारखा पडलेला असायचा. तिथून पुढचे सात तास तिच्याकडे ना हात, ना बोल. ती खिडकीशी बसून राहायची आणि डब्यावरची हिरवी रेघ मुंगीच्या पावलांनी पुढे सरकताना बघायची. दुपारी दोनला रेघ टोकाला पोचली, की बोटं हळूहळू हलायला लागायची, एकेक करून, गोठ्यातून वासरं बाहेर पडावीत तशी.

मग पाच दिवस हात. शनिवारी सकाळी पुन्हा सात तास अंधार, आणि त्यानंतर दोन दिवस बोल.

अडीच वर्षांपूर्वी येवल्यातल्या याच घरात, याच मागावर बसलेली असताना तिला झटका आला होता. मेंदूची उजव्या हाताकडे जाणारी वाट तुटली, जिभेकडे जाणारीही तुटली. मन शाबूत, आठवण शाबूत, डावा हात शाबूत. फक्त मधले दोन पूल वाहून गेलेले. ऋजुता तिची भाची, भावाची मुलगी. कॉलेजपासून आत्याकडेच राहिलेली, आणि नाशिकच्या ज्या कंपनीत ती प्रोग्राम लिहायची तिथेच असा पूल बनत होता. त्याचं नाव दुवा. कवटीच्या आत नखाएवढी चिप, तिच्यापासून निघालेल्या केसाहून बारीक अडीचशे तारा. मेंदूतून सुटलेला हुकूम अलीकडे उचलायचा, तुटलेली वाट ओलांडून पलीकडे पोचवायचा. प्रोग्राम बांधून चिपकडे पाठवायचा तो घरातला डबा, आणि चिपला वीज पुरवायची ती कानामागची तार. प्रयोगासाठी माणसं हवी होती. ऋजुताने आत्याचं नाव दिलं.

पण नखाएवढ्या चिपमध्ये एका वेळी एकच मावायचं. हाताचा प्रोग्राम किंवा बोलण्याचा. ऋजुताच्या ऑफिसात त्यांना ब्रँच म्हणायचे. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान वामनराव, त्यांना फांद्या म्हणायचे.

"एका फांदीवरून दुसरीवर जायला चिमणीला सात तास लागतात होय गं?" त्यांनी एकदा विचारलं.

"आतोबा, डबा तारखेवर विश्वास ठेवतो," ऋजुता म्हणाली. "आत्याच्या प्रोग्रामचे अकरा हजार तुकडे आहेत. ब्रँच बदलली की ते सगळे नव्याने मांडले जातात, आणि मांडले की प्रत्येकावर आत्ताची वेळ पडते. आतला मजकूर तोच असतो. पण डबा मजकूर बघतच नाही. वेळ नवी दिसली, की तो सगळंच नवं धरतो आणि प्रत्येक तुकडा पहिल्यापासून बांधतो. बांधताना तो आत्याच्या मेंदूशी ताडून बघतो, म्हणून तोवर दुवा झोपवावा लागतो."

"म्हणजे घडी मोडली म्हणून धुतलेलं धोतर पुन्हा धुवायचं."

"अगदी तसंच."

"तुमच्या कंपनीत धोबी ठेवा एखादा शहाणा," आतोबा म्हणाले, आणि त्यांनी मान पूर्ण वळवून तिच्याकडे पाहिलं. हल्ली त्यांना कुणाकडेही बघायचं तर पूर्ण मान वळवावी लागायची.

कारण आतोबांच्या डोळ्यांत काचबिंदू होता. बाजूचं सगळं काळोखात गेलेलं, फक्त समोरचं दिसायचं, फुंकणीतून बघितल्यासारखं. फुंकणी महिन्यामहिन्याला बारीक होत होती. डॉक्टरांनी एक वर्ष सांगितलं होतं, तेही हात राखून.

आणि मागावर एक पदर अडलेला होता. झटका आला त्या दिवशी जिथे थांबला तिथेच, वर जुनं लुगडं पांघरलेला. पैठणीचा पदर हे जोडीचं काम. आत्या डाव्या काठाला, आतोबा उजव्या काठाला, मध्ये वेलीवरच्या पोपटांची रांग. प्रत्येक ओळीत दोघांनी आपापल्या रंगांच्या रेशमाच्या कांड्या ताण्याच्या उभ्या धाग्यांखालून फिरवायच्या, दोघांचं झालं की आतोबांनी फणी ओढून ओळ ठोकायची. तीस वर्षं त्यांनी एकमेकांना विचारलंही नव्हतं. डोळ्याच्या कोपऱ्यातून तिचा हात दिसायचा, तेवढं पुरायचं. आता तो कोपराच राहिला नव्हता. तिने तोंडाने सांगायला हवं होतं. पण हात असला की तोंड नाही, तोंड असलं की हात नाही. लाकडावर टकटक करून बघितली त्यांनी. टकटकीने 'झालं' कळायचं, 'तिसरा धागा सुटला, मागे घ्या' कसं कळणार? पाटीवर लिहावं, तर मागावर डावा हातही गुंतलेला.

सोळा इंच उरले होते. दुसऱ्या कुणाबरोबर बसायला आतोबा तयार नव्हते. "मी डोळे मिटायच्या आत," एवढंच म्हणायचे, आणि त्यांना म्हणायचं असायचं ते फक्त डोळ्यांबद्दल.

ऋजुताने चार महिने खर्ची घातले आणि वाट काढली. डब्याने तारीख बघायचीच नाही. प्रत्येक तुकड्याच्या मजकुराचा एक ठसा घ्यायचा, अंगठ्याच्या ठशासारखा. एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो, काहीच बदललं नाही तर ठसा तोच. बांधून झालेला प्रत्येक तुकडा ठशासकट फडताळात ठेवायचा. फांदी बदलली, की आधी ठसा बघायचा. तोच असेल तर फडताळातला तयार तुकडा उचलायचा. बांधणी नाही, ताडणी नाही, झोप नाही.

आता राहिला मेंदू. तो काही खडकावर कोरलेला नसतो. झोप, ताप, राग, कशानेही तो रोज केसभर सरकतो, म्हणून दुव्याचं रोज सकाळी माप घ्यावं लागायचं. आत्याने मागावर बसून नऊ मिनिटं हात फिरवायचा, मग तेवढाच वेळ बोलायचं. रात्रीत जे सरकलं असेल तेवढेच दहावीस तुकडे डबा नव्याने बांधायचा, आत्याचा चहा होईपर्यंत. मात्र एखाद्या दिवशी माप घ्यायचं राहिलं, की डबा सगळं फडताळ रिकामं करायचा आणि पुन्हा सात तास.

सात तासांचे चाळीस सेकंद झाले.

पहिल्या दिवशी आत्याने डाव्या अंगठ्याने फोनवरचं बटण दाबलं, चाळीस सेकंद डोळे मिटून बसली, आणि उघडल्यावर तिने काय म्हणावं? सूर लावला तिने.

"मागाला गं बोल, खटाखटा दिसभर,
माझा बोल शनिवारी, कसा पुरावा वर्षभर."

"आली का परत गाडी रुळावर!" आतोबा म्हणाले. "इतके महिने आठवड्यातून दोनच दिवस बोलणी खात होतो. आता रोजची."

"साठलीत तेवढी खाऊन घ्या आधी," आत्या म्हणाली.

त्या दिवसापासून दोघं पुन्हा मागावर बसायला लागले. सहा ओळी हाताच्या. प्रत्येक ओळ झाली की आत्याने डाव्या हाताने लाकडी पट्टीवर एकदा टक् करायचं आणि आतोबांनी फणी ठोकायची. सहा ओळी झाल्या की चाळीस सेकंद थांबून बोल. काय चुकलं, काय सुटलं, कुठे मागे यायचं, सगळं सांगून पुन्हा हात. फोन त्याच पट्टीवर, तिच्या डाव्या बाजूला ठेवलेला. तीन आठवड्यांत सात इंच पदर चढला.

घरात वेगळ्याच कुरबुरी मात्र सुरू झाल्या. पूर्वी सात तासांची भिंत होती, ती कुणाशी भांडायची नाही आणि कुणाचं ऐकायचीही नाही. आता बटण होतं. आतोबांना वाटायचं उजेड आहे तोवर हात हवा. ऋजुता ऑफिसचं काम संपवून यायची, तिला वाटायचं आत्याने दोन शब्द बोलावेत. शेजारच्या बायकांना तिच्या तोंडून गाणी हवी असायची. "आत्ता हातच राहू दे," "जरा बोल लाव ना," असं दिवसभर चालायचं. एकदा आत्याने पाटीच घेतली आणि डाव्या हाताने वाकडंतिकडं लिहिलं : मी काय रेडिओ आहे?

ऋजुता हसली. पाटी पुसून ठेवली. आत्या हसली नव्हती, हे तिला नंतर आठवलं.

अवस आली ती बुधवारी.

"आत्या, बस मागावर. माप घेऊ."

आत्याने मान हलवली. आदल्या रात्रीपासून बोल लावलेलाच होता. "अवसेला मागाला हात लावत नाहीत."

"अगं, विणायचं नाहीये. नुसता हात फिरवायचा. नऊ मिनिटं."

"लावणं म्हणजे लावणं. माझ्या सासऱ्यांनी तापात लावला नाही, लग्नघरी लावला नाही. आज मागाला विसावा. उद्या घे तुझं माप."

"उद्या? आज चुकलं तर फडताळ रिकामं होईल! सात तास जातील!"

"जाऊ देत. मी बसेन खिडकीत."

"आणि आतोबांचे डोळे बसतील का वाट बघत?"

हे बोलायला नको होतं. आत्या परसात निघून गेली. ऋजुता डब्यासमोर बसली. कालचं माप पडद्यावर होतं, आकड्यांच्या लांबच लांब ओळी. एका दिवसात असं किती सरकणार? तिने कालचं माप उचललं, त्यावर आजची तारीख घातली आणि डब्याला दिलं. डब्याने मुकाट्याने घेतलं. फडताळ वाचलं. तिने कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही.

पण डब्यात तिनेच लिहिलेला एक नियम होता. दोन दिवसांची मापं तंतोतंत सारखी आली, तर मेंदू स्थिरावला असं समज आणि हाताचे तुकडे पुन्हा तपासत बसू नकोस. लिहिताना तिला तो नियम निरुपद्रवी वाटला होता. जिवंत माणसाचा मेंदू दोन दिवस तंतोतंत सारखा कधी नसतोच, मग तो नियम लागणार कधी?

तो बुधवारी लागला. गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी आत्याने मापं दिली. डब्याने घेतली आणि हाताची तेवढी बाजूला ठेवली. बोलण्याचे तुकडे रोज ताजे होत राहिले. हाताचे मंगळवारचेच राहिले. एकाच मागावर दोन ताणे चढावेत, एक ताणलेला, एक सैल, तसं तिच्या डोक्यात काहीतरी झोळ खात होतं, आणि ते अजून कापडावर उमटलं नव्हतं.

रविवारी सकाळी साडेआठला ऋजुता आत पोहे परतत होती. बाहेर मागाचा ठेका चालू होता. टक्, आणि मग फणीचा धप्प. मध्ये कांड्या फिरवण्याएवढी शांतता. टक्, धप्प.

मग ठेका बदलला. टक् धप्प. टक् धप्प. टक् धप्प. मध्ये शांतता नव्हती.

इतक्या लवकर ओळ होत नाही. झारा हातातच घेऊन ती धावली.

आत्याची मूठ ताण्यात अडकली होती. कांडी सोडायचा हुकूम तिने दिला होता, आणि मंगळवारच्या तुकड्यांना तो कळला नव्हता. बोटं उघडायच्या ऐवजी मिटली होती, रेशमाचे पन्नास-साठ धागे मुठीत धरून. फणीच्या बरोबर वाटेत. डाव्या हाताने ती फोनवरचं बटण दाबत होती, बोल मिळावा म्हणून, ओरडता यावं म्हणून. फोन लाकडी पट्टीवर होता. प्रत्येक दाबणं आतोबांच्या कानाला टक् असं पोचत होतं. टक् म्हणजे झालं. झालं म्हणजे ठोका. आतोबा समोर आपल्या पोपटाकडे बघत, फुंकणीतून, नेमाने फणी ओढत होते.

"आतोबा, थांबा! फणी सोडा!"

त्यांचा हात हवेत राहिला. मान वळवली तेव्हा त्यांना दिसलं. बायकोची बोटं, सांध्यांवर फुटलेली, आणि पोपटांच्या हिरव्यावर पडलेलं लाल.

"शकू," ते म्हणाले.

आत्याच्या घशातून कण्हल्यासारखा आवाज येत होता. जीभ हलत होती, ओठ हलत होते, पण त्यांच्याबरोबर मूठही आवळत होती. पुन्हा पुन्हा दाबलेल्या बटणाने बोल अर्धाच आला होता. हात पुरता गेला नव्हता. अर्धे तुकडे एका फांदीचे, अर्धे दुसरीचे, आणि चिप दोन्हींचं ऐकत तापत होती. ऋजुताने डब्याकडे पाहिलं. अडतीस अंश. अडतीस पूर्णांक दोन. एकोणचाळीसला तारांची टोकं जिथे मेंदूला टेकलेली असतात तिथल्या पेशी मरतात, आणि मग हात नाही, बोल नाही, कधीच नाही. एकदम तोडावं तरी धोका. प्रयोग चालवणाऱ्या डॉ. इनामदारांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं : झोपवलेला दुवा जागा होतो, जागेपणी तोडलेला पुन्हा पकड घेईलच असं नाही.

अडतीस पूर्णांक पाच.

थांबलं तर कदाचित आपोआप सुटेल. तोडलं तर कदाचित संपेल. आत्या तिच्याकडे बघत होती. त्या नजरेत विनवणी नव्हती. भर बाजारात कुणी हात धरावा, तसा संताप होता.

ऋजुताने आत्याच्या कानामागची तार ओढली.

आत्याचे ओठ थांबले. मूठ थांबली, पण उघडली नाही. आतोबा खाली वाकले. डोळ्यांचा उपयोग नव्हता म्हणून त्यांनी ते मिटूनच घेतले, आणि गुंता सोडवावा तशी त्या मुठीतून एकेक बोट, एकेक धागा मोकळा केला. त्याला पाव तास लागला. धागे सात तुटले. हाडं वाचली.

फोनवर डॉ. इनामदारांनी सगळं ऐकून घेतलं. "झोपेतून उठवल्यासारखं उठवून बघा," त्या म्हणाल्या. "जुनं काही वापरू नका. अख्खी बांधणी पहिल्यापासून. कुठली एक बाजू आधी हवी ते त्यांना विचारा. दुसरीचं नंतर बघू, उठला तर."

ऋजुताने पाटी आत्यासमोर धरली. आतोबा शेजारीच होते. नऊ इंच राहिले होते, आणि हे तिघांनाही माहीत होतं.

आत्याने डाव्या हाताने लिहिलं : बोल.

आतोबांनी पाटी डोळ्यांपाशी नेली, वाचली, खाली ठेवली. "बरोबर आहे," ते म्हणाले, आणि तुटलेल्या धाग्यांची टोकं शोधायला मागाकडे गेले.

साडेनऊला बांधणी सुरू झाली. सात तास. ऋजुताला बसवेना. शेवटी तीही मागाशी गेली आणि उभ्याउभ्याच सगळं बोलून टाकलं. अवस, कालचं माप, आजची तारीख, तिचा तो नियम.

आतोबांनी धाग्याला गाठ मारली, ओढून बघितली. "शिळी भाकरी ताजी म्हणून वाढलीस."

"हो."

"आणि आम्ही मुकाट्याने खाल्ली." पुढची गाठ. "मला एक सांग. एका मागावर एक ताणा असताना दुसरं लुगडं विणायला घेतलं, तर आम्ही पहिला ताणा उसकटत बसत नाही. दुसरा माग मांडतो. तू सारखी हा काढ, तो चढव कशाला करतेस? दोन्ही मांडून ठेव की."

"जागा नाही आतोबा. चिप नखाएवढी आहे. हात पूर्ण भरला की चिमूटभर उरते."

"मग चिमटीएवढा माग मांड. पदरावर बसून तिला काय कीर्तन करायचंय? चार शब्द बोलली तरी झालं."

चार महिने ऋजुता झटपट अदलाबदल कशी करावी ते शोधत होती. अदलाबदल नकोच, हे तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

साडेचारला हिरवी रेघ टोकाला पोचली. काहीच झालं नाही. आतोबांनी घड्याळ कानाशी धरलं, जणू तेच बंद पडलंय. मग आत्याने घसा खाकरला.

"कालचं माप आजचं म्हणून लावलंस," ती म्हणाली. आवाज जरा घोगरा, शब्दांच्या कडा फाटलेल्या. अडीचशेतल्या साठ तारांनी पकड सोडली होती. "मुकी होते, बहिरी नव्हते. इथूनच ऐकलं सगळं."

"आत्या, मी—"

"डॉक्टरीणबाईंना सांगितलंस?"

"फक्त झालं ते सांगितलं. का झालं ते नाही."

"आधी ते सांग. मग माझ्याशी बोल."

ऋजुताने तिथेच बसून अहवाल लिहिला, स्वतःचं नाव घालून, अवसेच्या तारखेसकट, आणि पाठवला. दुसऱ्या दिवशी तिला प्रयोगातून काढलं. अदलाबदल कायमची बंद केली. पण हाताबरोबर मूठभर शब्द, एकच बांधणी, मध्ये बटण नाही, याला डॉ. इनामदारांनी होकार दिला. ती बांधणी नाशिकहून दुसरं कुणी करणार होतं. शब्द मात्र आत्याने निवडायचे होते. अकरा मावतील, असं कळवलं होतं.

यादी करायला तिघं बसले. आतोबांनी बोटं मोजायला घेतली.

"झालं. थांब. मागे—"

"थांबा," आत्या म्हणाली.

"का, काय झालं?"

"'थांबा' घाल गं, 'थांब' नको. नवऱ्याला अरेतुरे करण्याइतकी शहाणी झाले नाही मी अजून."

"आत्या, त्याला थोडी जास्त जागा लागते."

"लागू दे. तीस वर्षं दिली, तेवढी अजून."

झालं, थांबा, मागे, सुटला, तुटला, ओढा, सैल, आता. आतोबांनी रंगांची नावं सुचवली. तिने ती उडवून लावली, रंग म्हणे माझ्या हातात आहेत. पाणी घातलं, मग चहा. दहावा शब्द लिहून झाल्यावर आतोबा जरा घुटमळले.

"एक उरलाय," ते म्हणाले. "माझ्यासाठी काही?"

"तुमच्यासाठीच ठेवलाय." आत्याने ऋजुताकडे पाहिलं. "लिही. नको."

ऋजुताची पेन्सिल थांबली.

"हात होता तेव्हा हे एवढंच नव्हतं माझ्याकडे," आत्या म्हणाली. "गाणं नसलं तरी चालतं. हे नसलं की माणूस सगळ्यांच्या उपयोगाचा होतो नुसता. रेडिओला असतो का हा शब्द? लिही."

ऋजुताने लिहिलं.

बांधणी शनिवारी झाली. सोमवारी सकाळी दोघं मागावर बसली. आत्याच्या सांध्यांवर खपल्या होत्या, बोटं पूर्वीहून संथ चालत होती. ऋजुता उंबऱ्यात उभी राहिली, मदतीला पुढे व्हावं की नाही हे न कळून. आत्याने हिरवी कांडी पोपटाच्या पंखाखालून नेली, मग लाल. आतोबांनी आपली बाजू पुरी केली. त्यांचा हात फणीवर गेला.

"ठोकू?"

"नको."

हात जिथल्या तिथे थांबला. मागाखाली कुठेतरी एक धागा सैल होता. आत्या तो डाव्या बोटाने चाचपडत होती, घाई न करता. आतोबा समोर बघत राहिले. त्यांच्या फुंकणीत फक्त त्यांचाच पोपट होता, आणि शेजारी, न दिसणाऱ्या अंधारात, तिच्या बांगड्या किणकिणत होत्या. अर्धं मिनिट गेलं. एक मिनिट गेलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

"आता," आत्या म्हणाली.